वेशीबाहेरच्या टेपा

सोमवार, ११ नोव्हेंबर २००२

पुण्याहून शिवांगी मॅडमचा फोन. मॅडम म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, संस्थेच्या संगणक विभागात नवीन आलेली. "सर, तुमच्या टेपा उघडत नाहीयेत." मी म्हटले, उघडत नाहीत म्हणजे? तर म्हणे यंत्र टेप आत ओढून घेते, जरा वेळ गुरगुरते आणि बाहेर टाकते. "कोरी असल्यासारखी दाखवते सर."

कोरी! सहा वर्षे खारवणे गावच्या या बंदरावर उन्हातान्हात बसून मी मासे मोजतो आहे. कुठल्या होडीला काय मिळाले, बांगडा किती लांब, सुरमई किती जड. एकेक मासा फळीवर आडवा ठेवून फोटो. फोटोच्या वेळी मासा घसरतो म्हणून ज्याची होडी तो शेपटी धरतो, आणि मी सहा वर्षे ओरडतो, "हात बाजूला घ्या, हात येतोय." मी स्वतः मासे खात नाही. कराडचा शाकाहारी माणूस मासे मोजायला नेमला, हा संस्थेचा विनोद. गाव मला मापारी म्हणतो. माझे नाव किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.

‘निरीक्षण केंद्र’ म्हणजे यशोदाबाईंच्या घराची पुढची खोली, एक संगणक, एक फोन आणि मी. संगणकाची डिस्क एवढीशी, फोटोंनी महिन्यात भरते. म्हणून महिनाअखेर सगळे टेपवर उतरवायचे आणि डिस्क रिकामी करायची, हा नियम संस्थेचाच. टेप म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी. माझी सहा वर्षे अशा डब्यांत आहेत आणि दुसरीकडे कुठेही नाहीत. मार्चअखेर केंद्र बंद होणार, म्हणून दिवाळीआधी सगळ्या खोक्यात भरून पुण्याला धाडल्या.

जेवण गेले नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

ऑक्टोबरची टेप माझ्याकडेच राहिली होती. सकाळी यंत्रात घातली. झकास उघडली. दर महिन्याला टेप लिहिली की परत वाचून पडताळतो, एकदाही चूक आली नाही. तसे पुण्याला कळवले. शिवांगी मॅडम म्हणाल्या, "आमचे यंत्र नवीन आहे सर. नवे यंत्र जुन्या टेपा वाचते, उलटे होत नाही. त्यामुळे आमच्याकडे अडायला नको." म्हणजे थोडक्यात, नाचता येईना अंगण वाकडे.

मागे कोणीतरी साहेब बोलत होते, तेही ऐकू आले. "त्यांनी बॅकअप घेतला होता का, ते विचारा आधी."

 उत्तरे मला नंतर दिवसभर सुचत राहिली, पण तेव्हा फोन बंद होता.

आणि ठरले आहे असे की, ज्या टेपा उघडत नाहीत त्या पुसून दुसऱ्या विभागाला वापरायला द्यायच्या. टेपा चांगल्या आहेत म्हणे, आतले काही नसले म्हणून काय झाले.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

शिवांगी मॅडमनी खोके पहिल्यापासून पुन्हा तपासले, हे त्यांचे उपकारच. निकाल असा: पहिल्या टेपेपासून नोव्हेंबर १९९८ पर्यंत सगळ्या उघडल्या. डिसेंबर १९९८ पासून एकही नाही.

हे काय गौडबंगाल? टेपा त्याच जातीच्या, यंत्र तेच, माणूस तोच. तेव्हा मी असे काय वेगळे करायला लागलो? आठवून आठवून डोके दुखले. चष्मा बदलला होता, एवढेच आठवते.

कराडला भावाला फोन केला. हे सगळे सांगायचे मनात होते. दोन मिनिटांत तो "बाकी काय?" वर आला. बाकी काही नाही म्हटले आणि ठेवला. माझ्याशी बोलणारी माणसे इथेही आहेत, नाही असे नाही, पण ती माशांबद्दल बोलतात. एखाद्या दिवशी वाटते, मी उद्या बंदरावर गेलोच नाही तर लोकांना फळी दिसली नाही म्हणून कळेल.

यशोदाबाईंनी संध्याकाळी कुळथाची पिठी आणि भात आणून ठेवला. म्हणाल्या, "तोंड कित्याक उतरलाहा? मासो चावलो काय?" मी हसलो नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

गावपळणीचा कौल झाला. दहा डिसेंबरला गाव बाहेर पडणार.

ही इथली रीत. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खा गाव घरेदारे सोडून वेशीबाहेर जातो. गुरे, कोंबड्या, कुत्री, तान्ही पोरे, सगळी. माळावर झापांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, झोपड्या बांधून तीन रात्री राहायचे. गावात चूल नाही, दिवा नाही, माणूस नाही. मग नाना, गावचे मानकरी, देवाला गाऱ्हाणे घालून विचारतात, त्याने सोडले की परत.

मागच्या खेपेला, डिसेंबर अठ्ठ्याण्णवला, मी पुतणीच्या लग्नाला कराडला होतो. परतलो तर खोलीत संगणक नाही! धावत वेशीबाहेर गेलो. यशोदाबाईंच्या झोपडीत, वाकळेत गुंडाळलेला, कोंबड्यांच्या झाकणीशेजारी बसवलेला. त्यांचा नवरा गंगाराम तेव्हा होता. दोघांनी मिळून तो बैलगाडीत घालून खडकाळ वाटेने नेला होता. विचारले तर बाई म्हणाल्या, "जितां तितक्यां भायर काढूचा आसता. ह्यां रात-दिस डोळो मिचकायता, मगे जितां नाय तर काय?" तो बारीक हिरवा दिवा बघून बाईंनी यंत्र जिवंत धरलेले! कराडला हा किस्सा सांगून मी लोकांना पोट धरून हसवले आहे.

आज लिहिताना मात्र हसू येईना. गंगारामला जाऊन दोन वर्षे झाली, म्हणून असेल.

रविवार, २४ नोव्हेंबर

करू नये ते करून बसलो.

सकाळी यशोदाबाई दारात आल्या. "मापारीनू, ह्या टायमाकय मशीन गाडयेतच घालूया ना? वाकळ धुवून ठेवलंय." आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डिसेंबर अठ्ठ्याण्णव! चष्मा नव्हे, ती गाडी. त्या खडकांवर आदळून टेपयंत्राचे डोके तसूभर हलले असणार. तेव्हापासून ते तिरके लिहीत आले आणि तिरकेच वाचत आले. त्याला त्याचे बरोबर वाटले आणि मलाही. दुसऱ्या कुठल्या यंत्राला त्यातले अक्षर लागेना.

मी ओरडलो. "तुमच्या त्या गाडीने माझी चार वर्षे मातीत घातली!"

त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. "माका काय ठावक? माका वाटला जितां आसा." एवढेच बोलल्या आणि आत गेल्या.

त्यांचे चुकले असे तरी कसे म्हणू? पण मी कोणाला सांगू? ओरडायला तरी माणूस लागतो, आणि माझ्याजवळ तेवढा एकच होता.

बुधवार, २७ नोव्हेंबर

शिवांगी मॅडमना सगळे सांगितले. मला वाटले हसतील. त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या, "असं होतं सर. डोकं हललं की ज्या यंत्राने लिहिलं त्यालाच वाचता येतं. जगात तुमचं ते एकच यंत्र उरलंय." मग म्हणाल्या यंत्र पार्सलने पाठवा. मी म्हटले, खारवण्यातल्या खडकांनी एवढे केले, घाटातले खड्डे काय करतील? ते डोके आणखी हलले तर खेळ खलास.

ठरले असे: न उघडणाऱ्या टेपा आणि एक मोठी हार्ड डिस्क त्या इकडे पाठवतील. मी सगळे वाचून डिस्कवर उतरवायचे. सोळा डिसेंबरपर्यंत डिस्क पुण्यात. साहेब त्यापुढे थांबणार नाहीत, या टेपांची फाइल तेव्हाच मिटायची आहे. "मी माझ्या नावावर अडवलंय सर," म्हणाल्या. म्हणजे काय, विचारायला हवे होते.

यशोदाबाई जेवण झाकून ठेवतात आणि जातात.  माझी माफी मागायची तयारी आहे, पण त्या थांबतील तर ना.

मंगळवार, ३ डिसेंबर

खोके आले नाही. बंदरावर आज तारली भरपूर. सगळा गाव झाप विणतोय, बांबू तोडतोय. मी कुठे राहायचे ते मला कोणी सांगितलेले नाही. मुळात हा माझा गाव नाही, तेव्हा विचारायचे तरी काय? तीन दिवस देवगडला लॉजवर जाऊन पडावे म्हणतो.

सोमवार, ९ डिसेंबर

खोके आले, पण कुठे, तर तळेऱ्याला. कुरिअरवाला त्याच्या पुढे येत नाही. एसटीने जाऊन आणले, येताना मांडीवर धरून बसलो. आणि उद्या दुपारी गाव बाहेर पडतोय.

नानांकडे गेलो. म्हटले, मी बाहेरचा माणूस, मी एकटा खोलीत गुपचूप बसून काम केले तर? दिवा लावणार नाही, चूल पेटवणार नाही. नाना सुपारी कातरत होते. "मापारीनू, गाव भायर पडता म्हणजे सगळो गाव. तुमीय." रागावून नव्हे, पण पुढे बोलायची सोयच ठेवली नाही. परक्या माणसालाही नियम तोच, कडक लोक आहेत.

म्हणजे यंत्र गावात ठेवले तर चार दिवस गेले, काम पुरे होत नाही. बाहेर काढले तर डोके हलते, आणि मग कधीच होत नाही. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसून राहिलो. यशोदाबाईंचा मुलगा धोंडू जाळे सांधत होता. त्याने विचारले, आणि मी सांगितले, कारण विचारले म्हणून. त्याने सुई थांबवली.

"रस्त्यान कित्याक? पाण्यातसून न्हेवया."

मी म्हटले, पाण्यातून?

"भांगाचां पाणी आसा, भरतेक जोर नाय. उद्या सांजच्या भरतेक खाडी निजल्याली आसतली. होडयेत जाळ्यांचो ढीग करूया, तेच्यार ठेवया. धक्को म्हणान लागाचो नाय."

आतून यशोदाबाई बाहेर आल्या. पंधरा दिवसांनी माझ्याशी बोलल्या. "किती दिस लागतले सगळां वाचूक?"

"चार तरी. यंत्र म्हातारे आहे, एकेक टेप पाऊण-पाऊण तास घेते. माझे त्या दिवशी चुकले, यशोदाबाई."

"बरां," म्हणाल्या. कशाला बरां ते कळले नाही. आत जाऊन तांदूळ मोजायला लागल्या.

मंगळवार, १० डिसेंबर

झोपडीतून लिहितो आहे, वेशीबाहेरच्या, खाडीकाठच्या माळावरून.

दुपारभर गाव वाहत होता. गुरे, शेरडे, डोक्यावर टोप, काखेत पोर. दारांना कड्या, कुलूप एखादेच. आम्ही मात्र भरतीची वाट बघत मागे. पाणी भरले, वारा पडला, तसे धोंडूने आणि आणखी दोघांनी संगणक हातावर उचलला आणि होडीतल्या जाळ्यांवर ठेवला. वल्ही अशी मारत होते की थेंब उडत नव्हता. यशोदाबाई मशीनवर तळहात ठेवून बसल्या होत्या, वाकळ धुतलेलीच होती. मी खोके पोटाशी धरले होते.  मागे वळून पाहिले तर सगळा गाव रिकामा, धूर नाही, कुत्रे नाही. एवढे रिकामे मी काही पाहिलेले नाही, आणि तरी मला तिथे रोजच्यासारखेच वाटले. हे लिहिले आणि वाईट वाटले.

यशोदाबाईंच्या झोपडीला एक जादा खण काढलेला होता. झाप ताजे. सामान ठेवायला असेल, त्यांनी मला तिथे बसवले.

बुधवार, ११ डिसेंबर

लाऊडस्पीकरवाल्या बाबूने त्याचा जनरेटर दिला. डिझेलचे विचारले तर म्हणाला, मगे बघया.

सकाळी पहिली टेप घातली, डिसेंबर अठ्ठ्याण्णव. यंत्राने ओढून घेतली, गुरगुरले. मी डोळे मिटले. मग तो हिरवा दिवा मिचकायला लागला, आणि पडद्यावर एकामागून एक नावे उतरू लागली, तारीख, होडी, मासा. वाचतेय! मला एवढा आनंद झाला, आणि सांगायला कोणी नाही असे नेहमीप्रमाणे मनात आले. वर बघितले तर झोपडीच्या तोंडाशी निम्मी वाडी बसलेली.

"बघितलास?" यशोदाबाई म्हणाल्या. "जितां आसा."

"आहे," मी म्हटले.

टेप संपली की पुढची घालायची, मधल्या वेळात लोक म्हणाले फोटो दाखवा. वेळ जातो म्हणून मी कुरकुरलो, पण जनरेटर त्यांचा. धोंडूने एक घोळ मारली होती नव्व्याण्णवला, ती बघायची होती. दाखवली. एवढा अजस्र मासा, तो कोणी बघेचना.

"हो हात बाबलीचो."

"खंयचो बाबलीचो? बाबलीचा नख काळा. हो माजो."

मग जो फोटो यावा त्यात हात. शेपटी धरलेले हात, कापलेले, सुजलेले, दोरा बांधलेले. मी सहा वर्षे माशांचे फोटो काढतोय अशी माझी समजूत होती. एका बांगड्याच्या कडेला एक हात आला, अंगठ्याजवळ जुना व्रण, बोटात तांब्याची अंगठी.  यशोदाबाई पुढे सरकल्या. घरात भिंतीवर गंगारामचा फोटो आहे, लग्नातला, कोट घातलेला, छातीपर्यंतच.

"शेपटी कशी घट धरल्यान हा बघ," त्या म्हणाल्या. धोंडूने मान खाली घातली. मी पुढचा फोटो लावला नाही. जनरेटर चालू होता, डिझेल जळत होते, तरी लावला नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

पहाटेपासून टेपा. लोक येऊन-जाऊन बसतात, आपापल्या हाताची वाट बघतात. एका म्हातारीने विचारले, माझ्या झिलाचो कधी येतलो? तो आता मुंबईला असतो. दोन हजार एकच्या टेपेत असेल म्हटले, तर ती तिथेच बसून राहिली. त्यांना गंमत वाटतेय, तेवढाच वेळ जातो.

यशोदाबाईंनी मला वेगळ्या टोपात आमटी दिली. तो टोप घरीही माझ्याच जेवणाला असतो, कधी त्याला मासळीचा वास आला नाही. नशीब माझे. इथे एवढ्या सामानात तो आणायचा कसा लक्षात राहिला कोण जाणे.

संध्याकाळी नाना आले. पडद्याकडे पाहिले नाही. "मापारीनू, किती टेपी रवल्यो?"

"आठ."

"सकाळपरयांत जातल्यो?"

"नाही नाना. बाबूला रात्री जनरेटर थंड करावा लागतो. उद्याचा आख्खा दिवस हवा."

"आनी घराक न्हेवन मगे वाचूक?"

"एकदा पाण्याने सांभाळून आणले. परत जाताना सांभाळेलच याची खात्री नाही. इथे वाचून झाल्या की मग यंत्र फुटले तरी चालेल."

"बरां," म्हणाले आणि काठी टेकत गेले. या लोकांचे हे ‘बरां’ मला सहा वर्षांत समजलेले नाही. उद्या सकाळी कौल. परत निघायचेच, मी काय गाव थांबवणार आहे? कोणाकडे काय तोंडाने मागू? मनाची तयारी केली आहे. सात-आठ महिन्यांचे मासे गेले तर गेले. असे लिहितो आहे, आणि उरलेल्या टेपा पुन्हा मोजतो आहे.

शुक्रवार, १३ डिसेंबर

नशीब म्हणतात ते याला!

सकाळी सगळा गाव वेशीवरच्या वडाखाली जमला. मी गेलो नाही, मिळेल तेवढे वाचून घ्यावे म्हणून टेप लावून बसलो. जनरेटरच्या आवाजात नानांचे गाऱ्हाणे ऐकू येत नव्हते, नुसता त्यांचा हात वर-खाली होताना दिसत होता. शेवटी गावाने होकार भरला, "व्हय म्हाराजा!" तो ऐकू आला. मला वाटले झाले, आता सुटणार, आणि मी वायरी आवरायला घेतल्या.

पण नाना थांबले नव्हते. हात परत वर गेला. बराच वेळ बोलत होते. बोलता बोलता काही लोकांनी माझ्या झोपडीकडे वळून पाहिले. जनरेटरचा त्रास होत असणार, म्हणून मी बाबूला खूण केली, बंद करू का? त्याने हातानेच सांगितले, चालू दे. आणि मग पुन्हा "व्हय म्हाराजा!" पहिल्यापेक्षा मोठ्याने, बायकांचेही आवाज, ती मुंबईच्या मुलाची म्हातारीही हात जोडून ओरडत होती. एवढे काय मागितले असेल? पाऊसपाण्याचे असेल, नाहीतर मासळीचे.

मग नाना माझ्याकडे आले. दम लागला होता. "देव आज सोडणा नाय. उद्या."

मी उडालोच. "पण मग सगळ्यांची किती गैरसोय! पोरांची शाळा, होड्या..."

"देवाच्या म्होरां कोणाचा काय चलता?" नाना म्हणाले आणि पान लावायला बसले.

कोणीही कुरकुर केली नाही. धोंडू परत चूल मांडू लागला. यशोदाबाईंकडे तांदूळही पुरेसे निघाले, त्या पाच दिवसांचे घेऊन आल्या होत्या. अनुभवी बाई.

शनिवार, १४ डिसेंबर

काल अंधार पडायच्या आत शेवटची टेप वाचून झाली. म्हातारीच्या मुलाचा हात सापडला, मुशीच्या शेपटीवर. ती उठून घरी गेली, म्हणजे झोपडीत.

आज सकाळी देवाने एका शब्दात सोडले. यंत्र परत नेताना कोणी भरतीची वाट पाहिली नाही, बैलगाडीतच टाकले. मीही काही म्हणालो नाही. घरी आणून सुरू केले तर टेप बाहेर टाकली. म्हणजे कालच्या दिवसावर सगळे तरले. एक दिवस इकडचा तिकडे झाला असता तर?

उद्या डिस्क आणि टेपांचे खोके घेऊन स्वतः पुण्याला जातो.

शनिवार, २१ डिसेंबर

शिवांगी मॅडमचा फोन. सगळे उघडले, सगळे जुळले. साहेबांनी काही म्हटले का विचारले, तर म्हणाल्या, "काही म्हणाले नाहीत सर, म्हणजे ठीकच." आणि मग, "मी तुमच्या शेऱ्याचा रकाना वाचला. सगळा." मी विचारले कुठला शेरा? तर वाचून दाखवला. ‘यशोदाबाईंनी सुरमई पाटीखाली लपवली, मापू दिली नाही.’ ‘वारा फार. आज कोणाशी बोलणे झाले नाही.’ सहा वर्षे मी त्या रकान्यात रोज काहीबाही टंकत आलो, कोणी वाचेल असे धरून नव्हे. मला लाज वाटली, आणि बरेही वाटले. त्यांनी विचारले, टेपा आता पुसून दुसऱ्या विभागाला देऊ ना? म्हटले, खुशाल द्या, त्यांची कोणाला अडचण नाही. ज्याला हवे त्याने त्यांच्यावर लिहावे.

केंद्र मार्चपर्यंत आहे. तोवर काम आहे.

दुपारी बंदरावर गेलो. यशोदाबाई पाटी लावत होत्या. मनात राहिले होते म्हणून विचारले, "त्या दिवशी नाना देवाकडे दुसऱ्यांदा काय मागत होते हो? सगळ्यांनी एवढ्या मोठ्याने होकार भरला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. हसल्या की काय, उन्हात कळले नाही.

"तां गावाचां आनी देवाचां," म्हणाल्या. "तुमी मासे मोजा."

एक बरी सुरमई निघाली होती. फळीवर आडवी ठेवली, त्यांनी शेपटी धरली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. हात बाजूला घ्या, असे म्हणालो नाही.